ट्रायथलॉनचा वेटसूट: घालणं, काढणं आणि टिकवणं

वेटसूट म्हणजे गार पाण्यात पोहताना घालायचा घट्ट रबरी पोशाख. ट्रायथलॉनमध्ये (आधी पोहणं, मग सायकल, मग धावणं अशी शर्यत) तो पोहताना घालतात. पहिल्यांदा तो घालणाऱ्या बहुतेकांची तक्रार सारखीच असते. खांदे आवळले जातात, छाती दाबल्यासारखी वाटते, हात डोक्यावर नेताना रबर मागे खेचतं आणि श्वास पुरत नाही. मग माणूस ठरवून टाकतो की माप लहान निघालं. पुष्कळदा माप अगदी बरोबर असतं, सूट नीट वर चढलेला नसतो. पोटरीवर, मांडीवर, कंबरेवर जेवढं कापड अडकून राहतं, तेवढं खांद्याला कमी पडतं. हा सगळा लेख या एका गोष्टीभोवती आहे: खांद्यात मोकळेपणा हवा असेल तर तो घोट्यापासून वर आणावा लागतो.

ही माहिती नवख्यांना कुणी बसून सांगत नाही. शर्यतीच्या सकाळी काठावर सगळे आपापल्या घाईत असतात आणि नवा माणूस शेजाऱ्याकडे बघत बघत सूट ओढतो. म्हणून सगळं क्रमानं लिहितो आहे. पहिल्या वेळी हे घरी, निवांतपणे करून बघा.

जवळ काय काय हवं

- वेटसूट आणि आत घालायचा ट्रायसूट (पोहणं, सायकल, धावणं तिन्हींत अंगावर राहणारा पातळ, घट्ट पोशाख)
- दोन पातळ प्लॅस्टिक पिशव्या किंवा पातळ मोजे
- मानेला लावायचं वंगण (वेटसूटला चालणारं, पेट्रोलियम नसलेलं)
- हात पुसायला जुना टॉवेल
- नेलकटर
- जाड, रुंद खांद्यांचा हँगर
- निओप्रीन (वेटसूटचं रबर) चिकटवायचा खास गोंद, एक छोटी ट्यूब
- स्वच्छ गोडं पाणी आणि मोठी बादली किंवा टब

1. हातात काय आहे ते ओळखा

निओप्रीन हे कृत्रिम रबर 1930 मध्ये ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झालं. त्याचा फेस करून त्यात वायूचे बारीक बारीक बुडबुडे अडकवले की वेटसूटचं कापड तयार होतं. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला ह्यू ब्रॅडनर या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञानं पाणबुड्यांसाठी असा पोशाख करून पाहिला. तोवर समज असा होता की ऊब हवी तर अंग कोरडंच राहायला हवं. ब्रॅडनर यांच्या लक्षात आलं की थंडी अडवण्याचं काम कापडातले बुडबुडे करतात, त्यामुळे आत थोडं पाणी शिरलं तरी बिघडत नाही. फक्त ते पाणी आतल्या आत राहायला हवं. सारखं बाहेरचं गार पाणी आत-बाहेर करत राहिलं तर ऊब टिकत नाही.

खास ट्रायथलॉनसाठीचा सूट 1987 मध्ये डॅन एम्पफील्ड यांनी क्विंताना रू या नावानं बाजारात आणला. त्यात आणि सर्फिंगच्या सूटमध्ये मोठा फरक आहे. सर्फिंगच्या सूटला साधारणपणे आतून-बाहेरून कापड लावलेलं असतं, म्हणून तो रेती-खडक सहन करतो. ट्रायथलॉनच्या सूटची बाहेरची बाजू उघडी, गुळगुळीत असते आणि पाणी सरकन सरकावं म्हणून तिच्यावर लेप दिलेला असतो. अस्तर फक्त आतून. त्यामुळे पोहताना तो फार छान लागतो, पण नख लागलं तर फाटतो. पुढे काळजीचे जे नियम येतील ते बहुतेक या उघड्या बाहेरच्या बाजूमुळेच आहेत.

जाडी सगळीकडे सारखी नसते. खांदे आणि काखेत साधारण दीड-दोन मिलिमीटर, म्हणजे हात फिरतो. मांड्या, नितंब, छाती इथे तीन ते पाच मिलिमीटर, म्हणजे शरीराचा मागचा भाग तरंगतो. ज्यांचे पाय पोहताना बुडतात त्यांना या तरंगण्याचा फायदा सर्वांत जास्त होतो. पाच मिलिमीटरपेक्षा जाड सूट शर्यतीत चालत नाही, म्हणून पाणबुड्याचा सूट मागून आणून भागवण्याचा विचार सोडा.

2. माप

कंपनीच्या तक्त्यात उंची आणि वजन दोन्ही दिलेलं असतं. दोन्ही एकाच मापात बसत नसतील तर आधी वजनाकडे बघा. बाही किंवा पायाचं टोक थोडं आखूड पडलं तर काही बिघडत नाही, पण घेर चुकला तर सूट एक तर श्वास कोंडतो, नाही तर पाण्यानं भरतो.

कोरड्या अंगावर सूट थोडा जास्तच घट्ट वाटायला हवा, पाण्यात तो सैलावतो. घालून झाल्यावर हे तपासा:

- जांघेत आणि काखेत पोकळी नको. तिथे कापड अंगाला चिकटलेलं हवं.
- मानेची पट्टी सगळीकडून टेकलेली हवी, पण गिळताना गळ्याला टोचता कामा नये.
- कंबरेच्या खळगीत थोडी हवा राहिली तर चालेल. मूठभर कापड हातात येत असेल तर सूट मोठा आहे.
- दीर्घ श्वास घेता आला पाहिजे. दोन्ही हात कानाला लावून सरळ वर नेता आले पाहिजेत.

ही तपासणी सूट पूर्ण वर चढवल्यावरच करा (पाचवा टप्पा वाचून). अर्धवट चढवलेल्या सूटवरून माप ठरवू नका. नवखे लोक मोठं माप घेतात ते इथेच, आणि मग पाण्यात तो सूट पाण्याची पखाल होतो.

बिनबाह्यांचा सूट की पूर्ण बाह्यांचा? पाणी खरंच थंड असेल तर पूर्ण बाह्यांचा. खांदे जन्मतःच आखडलेले असतील किंवा कोमट पाण्यातच पोहायचं असेल तर बिनबाह्यांचा चांगला पर्याय आहे. वापरलेला सूट घेत असाल तर तो उजेडात धरून ताणून बघा. काखेत आणि जांघेत बारीक भेगांची जाळी दिसली, किंवा बोटांना रबर कडक, कोरडं लागलं, तर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. अर्धचंद्रासारखे नखांचे वण मात्र दुरुस्त होतात, त्यांना घाबरू नका.

3. शर्यतीत सूट चालणार आहे का, ते आधी बघा

वेटसूट चालतो की नाही हे पाण्याच्या तापमानावर ठरतं. वर्ल्ड ट्रायथलॉन या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनुसार वयोगटातल्या (म्हणजे हौशी) स्पर्धकांना 1500 मीटरपर्यंतच्या पोहण्यात पाणी 22 अंश सेल्सियस किंवा जास्त असेल तर सूट घालता येत नाही. त्याहून लांब अंतराला ही मर्यादा 24.6 अंशांची आहे. उलट पाणी 16 अंशांच्या खाली गेलं की सूट सक्तीचा होतो. व्यावसायिक खेळाडूंच्या मर्यादा आणखी कडक आहेत. आयर्नमॅन या लांब पल्ल्याच्या शर्यतींमध्ये वयोगटासाठी 24.5 अंशांपर्यंत परवानगी असते. त्याच्या वर 28.8 अंशांपर्यंत सूट घालून पोहता येतं, पण मग वयोगटाच्या बक्षिसावर हक्क राहत नाही. त्याच्याही वर सूट पूर्ण बंद.

वर्ल्ड ट्रायथलॉनच्या पद्धतीत अधिकृत तापमान शर्यतीच्या दिवशीच, सुरू होण्याच्या एक तास आधी, 60 सेंटिमीटर खोलीवर मोजतात. म्हणजे आदल्या रात्री ऐकलेला आकडा सकाळी बदलू शकतो. तुमच्या शर्यतीचं माहितीपत्रक वाचा आणि सरावात काही दिवस वेटसूटशिवायही पोहा. "वेटसूट आहे म्हणून पोहता येतं" अशी स्थिती असेल तर शर्यतीच्या सकाळी एका घोषणेनं सगळं कोलमडतं.

4. घालण्याआधी

नखं कापा आणि कडा घासून घ्या. अंगठ्या, बांगड्या, कानातलं, गळ्यातलं सगळं काढा. घड्याळ शेवटी घाला. लांब केस आधीच वर बांधा, म्हणजे चेनमध्ये अडकणार नाहीत.

अंग कोरडं हवं. घाम किंवा ओलावा असला की अस्तर चिकटतं आणि प्रत्येक इंच भांडून मिळवावा लागतो. उन्हाळी सकाळी सावलीत उभं राहून घाला.

आता वंगण. मानेला, विशेषतः मागे आणि दोन्ही बाजूंना, जिथे श्वास घेताना मान वळते तिथे सढळ हातानं लावा. मग काखेच्या कडा, मनगटं आणि घोट्यांच्या वरचा भाग. मनगट-घोट्याचं वंगण घासण्यापेक्षा नंतर सूट पटकन निघावा म्हणून असतं. व्हॅसलीनसारखी पेट्रोलियम जेली वापरू नका. ती रबर आणि शिवणींच्या गोंदाला चांगली नाही आणि कंपन्या तिला स्पष्ट मनाई करतात. वेटसूटला चालतं असं स्पष्ट लिहिलेलं वंगणच घ्या.

वंगण लावून झालं की हात टॉवेलला स्वच्छ पुसा. हे विसरलात तर दोन गोष्टी होतात: बोटं घसरतात म्हणून माणूस नखांनी पकडायला लागतो, आणि तोच हात गॉगलच्या काचेला लागला की पूर्ण पोहणं धुक्यात होतं.

खिसे रिकामे करा. टायमिंग चिपची (शर्यतीतली वेळ नोंदवणाऱ्या चिपची) पट्टी घोट्याला उघड्या अंगावर बांधा आणि सूटचा पाय तिच्या वर येऊ द्या. चिप सूटच्या वरून बांधली तर सूट काढताना ती आडवी येते.

5. घालणं

पहिल्या वेळी वीस मिनिटं हाताशी ठेवा. सवय झाली तरी शर्यतीच्या दिवशी दहा-पंधरा मिनिटं राखून ठेवावीत, घाईत हाताला नखं फुटतात.

*पकड.* आधी पकडायचं कसं ते. कापडाची जाड चुणी करा आणि ती बोटांच्या पेरांनी, सपाट धरा. चिमटा काढतो तसं नखांच्या टोकांनी कधीच नको. शक्य असेल तिथे काठ बाहेरून दुमडा आणि आतलं अस्तर धरून ओढा, ते मजबूत असतं. मऊ कापडी हातमोजे घालून चढवणारे लोकही असतात आणि नवीन सूटसाठी ती सवय उत्तम आहे.

*पाय.* बसून घ्या. चेन मागे येते ना, ते बघा (बहुतेक सूटमध्ये मागेच असते). पायात प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि पाय सूटमध्ये सरकवा. पिशवीमुळे टाच अडकत नाही. पाय बाहेर आला की पिशवी काढून दुसऱ्या पायाला घाला. सूटचं टोक घोट्याच्या हाडाच्या चार बोटं वर आलं पाहिजे. दिसायला ते आखूड वाटेल, वाटू द्या. इथे वर घेतलेली चार बोटं पुढे खांद्याला मिळणार आहेत, आणि सूट काढतानाही टाच सहज सुटेल.

आता पोटरीवरून छोट्या छोट्या चुण्या वर सरकवा. एकदम जोरात ओढायचं नाही. पोटरी झाली की गुडघा, गुडघ्यानंतर मांडी. प्रत्येक टप्प्यावर खालचं कापड आधी रिकामं करून मगच वरच्या भागाला हात घाला. दोन्ही पाय सारखे झाले की उभे राहा आणि मांडीवरचं कापड जांघेपर्यंत वर न्या. सूटची जांघ तुमच्या जांघेला पूर्ण टेकली पाहिजे. दोन पायांच्या मध्ये झोळ राहिली असेल तर पुढे जाऊ नका. सगळ्यात जास्त लोक चुकतात ते इथेच. झोळ ठेवून बाह्या घातल्या की खांदे कायम खाली खेचले जातात आणि पुढे काहीही केलं तरी ते सुटत नाही.

*कंबर आणि पोट.* नितंबांवरून, मग पोटावरून कापड वर घ्या. बरगड्यांपर्यंत आणा. बाह्या घालण्याआधीच धड जेवढं वर येईल तेवढं आलेलं हवं.

*बाह्या.* हाताला पिशवी घालून बाही चढवा. टोक मनगटाच्या हाडाच्या दोन-तीन बोटं वर. मग पायासारखंच: कोपराखालचं कापड वर, कोपरावरचं आणखी वर, दंडावरची चुणी खांद्याकडे. काखेत पोकळी उरली तर प्रत्येक हात फिरवताना तुम्ही कापड ताणत बसाल. ती भरेपर्यंत दंडावरून कापड आत सरकवत राहा. शेवटी एका हातानं दुसऱ्या खांद्यावरची चुणी मानेकडे ओढा, मग बाजू बदला.

*चेन.* चेन लावण्याआधी एक खूण बघा. खांदे मागे घेतल्यावर पाठीवरच्या दोन्ही कडा जवळजवळ भेटतात का? भेटत असतील तर चेन दोन बोटांनी लागेल. चार-पाच बोटांचं अंतर असेल तर खाली कुठेतरी कापड अडकलं आहे. चेनवर जोर करू नका, परत मांडीपासून तपासा.

चेन लावायला कुणाची तरी मदत घ्या. मदत करणाऱ्याला सांगा: एका हातानं चेनचं खालचं टोक धरायचं, दुसऱ्यानं हळू वर घ्यायचं, आतली पट्टी आणि ट्रायसूटचं कापड दातांत येत नाही ना ते बघायचं. त्या वेळी तुम्ही खांदे मागे आणि पोट आत घ्या. एकटे असाल तर एक हात पाठीमागे खालून घेऊन चेनचं टोक खाली ताणा आणि दुसऱ्या हातानं दोरी डोक्यावरून सरळ वर ओढा.

मानेचा वेल्क्रो बंद करताना खरखरीत बाजू मऊ पट्टीखाली पूर्ण झाकली गेली पाहिजे. थोडीशी कड जरी बाहेर राहिली तरी मान सोलून निघते आणि ते कळतं घाम किंवा खारं पाणी लागल्यावर. चेनची दोरी मोकळी लोंबत ठेवू नका, तिच्यासाठी दिलेल्या जागी चिकटवा, पण काढताना हात नेमका कुठे जाईल ते लक्षात ठेवा.

*शेवटचा हात.* पुढे वाका, हात लोंबते सोडा आणि पोटावरचं कापड छातीकडे सरकवा. मग उभे राहून हात गोल फिरवा. आता खांदे मोकळे लागतात का? लागत नसतील तर परत मांडीपासून. हो, पुन्हा. खांद्यावर ओढून खांदा कधीच सुटत नाही.

चेन लावलेल्या अवस्थेत उन्हात उभे राहू नका. सूट उष्णता बाहेर जाऊ देत नाही आणि शर्यत सुरू होण्याआधीच अंग तापतं. कंबरेपर्यंत चढवून थांबा आणि बाह्या शेवटी घाला.

6. पाण्यातली पहिली मिनिटं

परवानगी असेल तर सुरुवातीआधी पाण्यात उतरा. कंबरभर पाण्यात गेल्यावर मानेची पट्टी बोटानं ओढून थोडं पाणी आत घ्या, मग उभं राहून ते खाली जाऊ द्या. सूट अंगाला बसतो आणि आतली हवा निघून जाते. थंड पाण्यात चेहरा आधी भिजवा. गार पाण्याचा पहिला धक्का बसतो तेव्हा श्वास आपोआप जलद होतो. एक-दोन मिनिटांत तो शांत होतो. ती मिनिटं तुम्ही स्वतःहून, उभे राहून, लांब उच्छ्वास सोडत घालवलीत तर शर्यतीच्या गर्दीत ती अंगावर येत नाहीत.

छातीवरचा दाब जाणवेल. तेव्हा श्वास आत ओढण्याच्या मागे लागू नका, पाण्यात पूर्ण बाहेर सोडा. बाहेर सोडलेला श्वास जागा करतो.

पाय आपोआप वर तरंगतात, म्हणून जोरात लाथा मारायची गरज उरत नाही. पाय शांत ठेवा, सायकलसाठी ते लागणारच आहेत. नवीन सूट थेट शर्यतीत कधीही वापरू नका. आधी काही वेळा उघड्या पाण्यात, सोबत कुणी असताना, पूर्ण अंतराच्या जवळपास पोहून बघा. कुठे घासतं, कुठे खेचतं ते तेव्हाच कळतं.

आणि एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. पोहताना खोकला थांबत नाही, छातीत घरघर वाटते, थुंकीला गुलाबीसर फेस येतो, दम न लागण्याइतक्या वेगातही श्वास पुरत नाही, असं झालं तर लगेच थांबा, हात वर करा आणि बाहेर या. पोहताना फुप्फुसांत पाणी साठण्याचा एक आजार असतो. थंड पाणी आणि घट्ट सूट त्याला हातभार लावतात. उठून बसलं की बरं वाटतं म्हणून परत पाण्यात जाऊ नका, डॉक्टरांना दाखवा. मानेची पट्टी इतकी घट्ट असेल की गरगरतं, तर तीही साधी गैरसोय समजून सोडून देऊ नका. मानेच्या रक्तवाहिनीवर दाब येऊन तसं होऊ शकतं. सूट बदला.

7. काढणं

काढायला सुरुवात पाण्याबाहेर पडतानाच करायची. सूटच्या आत पाण्याचा थर असतो तोवर तो सरकतो. पाणी ओसरलं की चिकटतो.

किनाऱ्यावर पाय लागताच गॉगल कपाळावर घ्या, म्हणजे पुढचं दिसेल. पळत पळत वेल्क्रो उघडा, दोरी ओढून चेन पूर्ण खाली घ्या. खांदे उघडे करा, एक हात बाहेर काढा, मग दुसरा. टोपी आणि गॉगल हातात असतील तर बाही काढताना ते मुठीतच ठेवा आणि बाहीत सोडून द्या, हरवत नाहीत. सूट कंबरेपर्यंत गुंडाळून तसेच ट्रान्झिशनमध्ये (पोहण्यावरून सायकलवर जायच्या जागी) आपल्या सायकलपाशी या.

तिथे सूट दोन्ही हातांनी एका झटक्यात गुडघ्यांच्या खाली ढकला. मग एका पायानं दुसऱ्या पायाचा सूट जमिनीवर दाबून धरा आणि अडकलेला पाय वर उचला. टाच निघाली की दुसरी बाजू. तोल जात असेल तर सरळ खाली बसा, दोन सेकंद जास्त लागतील एवढंच. घाईत घोट्याजवळ नखांनी ओरबाडू नका, सर्वांत जास्त चिरा तिथेच पडतात. काढलेला सूट ठरवून दिलेल्या जागेत किंवा पेटीत ठेवा, वाटेत टाकला तर दंड होतो.

हे सगळं घरी, बागेत नळाखाली भिजून करून बघा. ओल्या सूटवर केलेला सरावच कामाचा.

8. धुणं आणि वाळवणं

पोहून आल्यावर त्याच दिवशी गोड्या, थंड पाण्यानं आतून-बाहेरून धुवा. समुद्राचं मीठ, तलावाचा गाळ, घाम आणि पोहताना आत झालेली लघवी (होते, सगळ्यांची होते) हे सगळं अस्तरात राहिलं तर वासही येतो आणि शिवणीही खराब होतात. दर काही पोहण्यांनंतर वेटसूटसाठी मिळणारा सौम्य साबण टबात घालून सूट थोडा वेळ बुडवून ठेवा, हातानं हलकं चोळा आणि साबण पूर्ण जाईपर्यंत खळबळा.

काय नको: गरम पाणी, वॉशिंग मशीन, ड्रायर, ब्लीच, कपडे मऊ करायची द्रव्यं, पिळणं, इस्त्री. तरणतलावात एखादा सराव चालतो, पण क्लोरीन रबर सुकवतं. तसं पोहलात तर बाहेर आल्या आल्या धुवा आणि तरणतलावातल्या रोजच्या सरावाला हा सूट वापरू नका.

सूट उलटा, म्हणजे अस्तर बाहेर करून आधी वाळवा. ते वाळलं की सुलटा करून बाहेरची बाजू. दोन्ही वेळा सावलीत, वारा येईल तिथे. उन्हात सूट लवकर वाळतो खरा, पण सूर्याचे अतिनील किरण निओप्रीनला कडक करतात आणि त्याला भेगा पाडतात. ओला सूट खूप जड असतो. तो हँगरवर खांद्यांतून टांगला तर आपल्याच वजनानं खांदे ताणले जातात, आणि खांदे हाच सर्वांत पातळ भाग. म्हणून जाड दांडीवर कंबरेतून दुमडून टाका.

9. ठेवणं

पूर्ण वाळल्याशिवाय पिशवीत घालू नका, बुरशी धरते. हंगाम संपल्यावर सूट रुंद, जाड हँगरवर किंवा सपाट, सैल गुंडाळून ठेवा. पातळ तारेचा हँगर नको. तीच घडी महिनोन्‌महिने राहिली तर त्या रेषेवर बुडबुडे कायमचे दबतात आणि तिथून सूट फाटतो. वर काही जड ठेवू नका. गाडीच्या डिकीत, उन्हात, किंवा ओझोन निर्माण करणाऱ्या विजेच्या मोटारी-यंत्रांच्या शेजारी ठेवणंही टाळा. ओझोननं निओप्रीनला तडे जातात. चेन मात्र पूर्ण बंद करून ठेवा, आणि ती अडत असेल तर दातांवर मेण घासा, तेल नको.

10. चीर पडली तर

नखाची चीर अर्धचंद्रासारखी असते. आधी बघा, अस्तरापर्यंत गेली आहे का? अस्तर शाबूत असेल तर घरी दुरुस्त होते. अस्तरही फाटलं असेल किंवा शिवण उसवली असेल तर कंपनीकडे किंवा वेटसूट दुरुस्त करणाऱ्याकडे द्या.

सूट धुऊन पूर्ण वाळवा. चीर बोटानं हलकी उघडी धरून दोन्ही कडांना निओप्रीनच्या गोंदाचा पातळ थर काडीनं लावा. साधा झटपट चिकटणारा गोंद वापरू नका, तो कडक होतो आणि पोहताना त्याच्या शेजारीच नवी चीर पडते. कडा एकमेकींना लागू न देता काही मिनिटं सुकू द्या, मग दुसरा थर. बोटाला हलका चिकटेल इतका सुकला की कडा नीट जुळवून दाबा आणि वर वजन ठेवा. जास्त गोंद लावला की काम पक्कं होतं असं नाही, गाठ होते. नेमका वेळ ट्यूबवर लिहिलेला असतो, तो पाळा आणि पुढचे 24 तास सूट ताणू नका.

चीर शर्यतीच्या आदल्या रात्री दिसली तर? वरवरची, अस्तर न फाटलेली चीर घेऊन आरामात पोहता येतं. गोंद अर्धवट सुकलेला सूट घालण्यापेक्षा ती तशीच ठेवा, चढवताना त्या जागेला हात लावू नका, आणि परत आल्यावर निवांत चिकटवा.